पेटी एवढीशी, गाडी मात्र तिच्या ताब्यात

जुन्नर, ओतूर, नारायणगाव या पट्ट्यातला भाजीपाला नवी मुंबईला जातो, हे काही आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९९६ साली भायखळ्याचा भाजीबाजार वाशीला हलला. संध्याकाळी बांधावर भरलेला माल पहाटेच्या आत वाशीच्या गाळ्यावर उतरलाच पाहिजे, ही रीत तेव्हापासून अंगवळणी पडली आहे. पूर्वी गावात एक मोठा ट्रक यायचा आणि सगळ्यांची पोती, जुड्या त्यात चढायच्या. २००५ मध्ये छोटा हत्ती आला, मागोमाग पिकअप गावोगाव झाल्या, आणि शेतकऱ्याचा पोरगाच कर्ज काढून गाडीचा मालक नि ड्रायव्हर झाला. गाडी अडली की हप्ता अडतो, मालही अडतो. मेथीची जुडी काही मेकॅनिकची वाट बघत थांबत नाही.

आज लिहायचे आहे ते या गाड्यांतल्या एका पेटीबद्दल. तिचे नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल, गॅरेजवाले नुसते बीसीएम म्हणतात. डॅशबोर्डच्या खाली बसवलेली ही पेटी असते टिफिनच्या डब्याएवढी, पण तिचा कारभार मोठा. जुन्या गाडीत बटण दाबले की करंट वायरीने रिलेपर्यंत आणि तिथून दिव्यापर्यंत जायचा. कुठे तुटले हे टेस्ट लॅम्प लावून शेंबडे पोरगेही सांगू शकायचे. अलीकडच्या गाड्यांत बटण नुसता निरोप देते. तो निरोप पेटीला पोचतो आणि दिवा लावायचा की नाही हे पेटी ठरवते. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, दरवाज्याचे लॉक आणि पुष्कळ गाड्यांत चावी ओळखून गाडी चालू होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा, हे सारे तिच्याच हवाली. पेटी रुसली की इंजिन ठणठणीत असूनही गाडी जागची हलत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका तरुणावर हीच पाळी आली. वाशीला माल उतरवून गाडी बाहेर काढायला गेला, तर चावी फिरवली तरी गाडी गप्प. वायपर आपोआप फिरतायत, इंडिकेटर मेलेले. तुर्भ्याच्या एका मेकॅनिकने बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिले आणि हात वर केले. म्हणाला, "बाबा, हे आमच्या हातातलं नाही, कंपनीत घेऊन जा." गाडी ओढत एका अधिकृत वर्कशॉपला नेली. तिथे लॅपटॉप जोडला, बीसीएमचा दोष दाखवला, पार्ट मागवला. पाच दिवस गाडी उभी. सहाव्या दिवशी नवी पेटी बसली, बिल फाडले, गाडी निघाली. पंधरा दिवसांनी माळशेज घाटात ऐन पावसात वायपर पुन्हा बंद! शेवटी गावाकडच्याच एका वायरमनने केबिनखालची अर्थिंगची वायर उचकली. ती गंजून नुसती नावाला लटकली होती. वायर साफ करून आवळली, तेव्हापासून तक्रार नाही. मग पहिली पेटी खरोखर खराब होती का? आता कळायला मार्ग नाही, कारण जुनी पेटी मालकाला परत दिलीच नव्हती.

यात वर्कशॉपची लबाडीच होती असे आम्ही म्हणणार नाही. लॅपटॉप जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवायची सवय लागली आहे, एवढे मात्र खरे. वास्तविक पाहता दोषाचा कोड म्हणजे निदान नव्हे. कोड एवढेच सांगतो, की अमुक ठिकाणाहून निरोप आला नाही किंवा व्होल्टेज कमी पडले. ते बॅटरी उतरल्याने, अर्थिंग सैल झाल्याने, कनेक्टरमध्ये पाणी गेल्याने किंवा उंदराने वायर कुरतडल्यानेही होऊ शकते. हे सगळे तपासून झाल्यावरच पेटीवर बोट ठेवायचे असते. आमच्याकडे डॉक्टर आधी नाडी पाहायचा, मग इंजेक्शन. इथे उलटेच चालले आहे.

शेतकरी बंधूंनीही एक गोष्ट ऐकून घ्यावी. ही पेटी मारण्यात आपलाही हात असतो. बाजारातून आल्यावर केबिनमध्ये सरळ पाण्याचा पाइप सोडून धुवायचे, हौद्याला जाळी बसवताना बॅटरीची वायर न काढता वेल्डिंग करायचे, जादा हॅलोजन आणि गाण्याचा हॉर्न लावायला मधूनच वायर तोडून जोड द्यायचा, दुसऱ्या गाडीवरून करंट देताना प्लस-मायनस उलटे लावायचे. जुन्या गाडीने हे सोसले. नवीला सोसत नाही, आणि वर वॉरंटीवाल्यांना नाही म्हणायला आयतेच कारण मिळते.

आता मूळ मुद्दा. पेटी खरेच जळाली असेल तर ती बदलणे अवघड नाही. बॅटरी सोडायची, बोल्ट काढायचे, कनेक्टर ओढायचे, त्याच पार्ट नंबरची नवी पेटी बसवायची. गावातला कुठलाही जाणता मेकॅनिक हे करील. पण नवी पेटी कोरी असते. गाडी कोणत्या मॉडेलची, चासी नंबर काय, चाव्या कोणत्या, हे तिला कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून शिकवावे लागते, आणि ते सॉफ्टवेअर कंपनीच्या वर्कशॉपबाहेर सहजी मिळत नाही. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून जुनी पेटी आणली तरी ती पहिल्या गाडीशी बांधलेली, दुसऱ्या गाडीला बहुधा ओळखच देत नाही. बाजारात मिळणारे साधे स्कॅनर कोड वाचतात, पण चावी जुळवायच्या वेळी बरेचसे माघार घेतात. म्हणजे गाडी आपली, पेटीचे पैसे आपले, कुलूप मात्र दुसऱ्याचे.

कंपन्या म्हणतात की हे चोरी टाळण्यासाठी आहे. त्यात तथ्य आहे. चावीची यंत्रणा कुणालाही उघडता आली तर गाड्या पळवणाऱ्यांचे फावेल. पण त्यावर उपाय आहे. मेकॅनिकची नोंदणी करा, मालकाचे आरसी बुक आणि ओळखपत्र तपासा, प्रत्येक जुळणीची नोंद ठेवा. चोराच्या भीतीने गावातल्या सगळ्या सुतारांची हत्यारे जप्त करायची, हा कुठला न्याय?

हा वाद नवा नाही. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना न देणे म्हणजे बाजाराची नाकेबंदी आहे, असा त्या आदेशाचा रोख होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. शिवाय तो आदेश प्रवासी मोटारींचा, पिकअपवाल्याला त्याचा थेट आधार नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या यादीत शेती अवजारे आणि वाहने ही दोन्ही क्षेत्रे होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टलवर माहिती टाकणे वेगळे आणि सॉफ्टवेअर देण्याची सक्ती वेगळी. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांसाठी असा कायदा केला, आणि तो तिथल्या ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यांनी आवाज उठवला म्हणून झाला. आपल्याकडे ऊस, कांदा, दूध यांवर मोर्चे निघतात, पेटीसाठी अजून कुणी निघालेले ऐकिवात नाही.

तोवर काय करावे? वर्कशॉपमध्ये गाडी टाकताना जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. पेटी बदला म्हणाले, तर दोषाच्या कोडचा कागद मागावा आणि बॅटरी, अर्थिंग, कनेक्टर तपासल्याची नोंद मागावी. जुना भाग परत घ्यायचा, हे आधीच सांगावे. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी ठेवून घेते ती गोष्ट निराळी, पण रोख पैसे मोजले असतील तर तो मागायला लाजायचे कारण नाही. एवढे करूनही फसवणूक वाटली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, वर्कशॉप नवी मुंबईत असले म्हणून तिकडे खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीही नाही.

तिथे समोरचा वकील हमखास म्हणेल, गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नव्हे. घाबरू नये. पोटासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे, आणि स्वतः ट्रक चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनीअरिंगच्या निकालात सांगितले आहे. मात्र चार गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवणाऱ्याला हा आधार मिळणे कठीण, हेही ध्यानात ठेवावे.

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या चेअरमन मंडळींकडे आमचे वेगळे मागणे आहे. ज्या गावातून रोज चार-पाच पिकअप वाशीला जातात, तिथल्या शेतकरी कंपनीने किंवा सोसायटीने एक चांगला स्कॅनर सामाईक घ्यावा आणि गावातल्या एका पोराला तो शिकवावा. निदान पेटी खरेच गेली की वायर गंजली, एवढे तरी गावात कळेल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स असेल, तर कॅन वायरिंग आणि मॉड्यूलची तपासणी प्रत्यक्ष गाडीवर शिकवतात का, हे प्राचार्यांना जाऊन विचारावे. आणि येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा, की मालवाहू वाहनांच्या मॉड्यूल जुळणीचे सॉफ्टवेअर नोंदणीकृत स्थानिक मेकॅनिकला वाजवी दरात मिळावे. ठरावाची एक प्रत दिल्लीला ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि एक आपल्या खासदारांकडे पाठवावी, पोच मात्र जपून ठेवावी.