लाल माती आणि आयोवाची गादी

पैलवान ओळखायचा तो त्याच्या कानांवरून. आष्ट्याच्या बाजारात पांढऱ्या टोपीखाली मुडपलेले, फुगून कठीण झालेले कान दिसले की त्या गृहस्थांनी तारुण्यात किती माती अंगाला लावली असेल, हे निराळे विचारावे लागत नाही. ज्या वाचकांची मुले-मुली नोकरीनिमित्त अमेरिकेच्या मध्यभागातील आयोवा राज्यात राहतात, त्यांनी तेथे गेल्यावर एखाद्या मक्याच्या शेतकऱ्याचे किंवा शाळेतील शिक्षकाचे कान जरूर न्याहाळावेत. तेथेही असेच मोडलेले कान पाहावयास मिळतील आणि तेथेही ते अभिमानानेच मिरविले जातात.

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारती येतात, बेसबॉल आणि बास्केटबॉल येतो. आणि अमेरिकी कुस्ती म्हटली तर दूरचित्रवाणीवरील बनावट झुंजी तेवढ्या आठवतात. परंतु त्या देशात खऱ्या कुस्तीचीही दीर्घ परंपरा आहे आणि तिचे माहेर मोठ्या शहरांत नसून शेतीच्या मुलुखात आहे. आयोवाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ३२ लाख; आपल्या सांगली जिल्ह्याची २०११ मध्ये सुमारे २८ लाख होती. तेथे मका, येथे ऊस. दोन्हीकडे सुगीनंतर अंगात उरलेली रग जिरविण्यासाठी कुस्ती. एवढे साम्य असूनही दोन्ही मुलुखांतील मल्लांच्या उत्तरायुष्यात मोठा फरक पडला. तो का पडला, हा या लेखांकाचा विषय.

आरंभ अब्राहम लिंकन यांच्यापासून करू. १८३१ साली बावीस वर्षांचा उंच, सडपातळ लिंकन इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या लहानशा वस्तीत दुकानात कारकुनी करीत होता. दुकानमालकाने आपल्या कारकुनाच्या ताकदीची फुशारकी मारली आणि शेजारच्या वस्तीतील दांडगट टोळीचा म्होरक्या जॅक आर्मस्ट्राँग याच्याशी त्याची कुस्ती लागली. त्या कुस्तीच्या निकालाबद्दल पाहणाऱ्यांमध्येच एकमत नव्हते. परंतु दोघे मल्ल आयुष्यभराचे मित्र झाले, याविषयी दुमत नाही. पुढे १८५८ साली, जॅकच्या निधनानंतर, त्याच्या मुलावर खुनाचा खटला उभा राहिला. विधवा आई लिंकनकडे आली. फिर्यादी पक्षाच्या साक्षीदाराने स्वच्छ चांदण्यात सर्व काही पाहिल्याचे शपथेवर सांगितले होते. लिंकनने न्यायालयात पंचांग उघडून दाखविले, की त्या घटकेला चंद्र मावळतीला टेकला होता. मुलगा निर्दोष सुटला आणि लिंकनने एका पैशाचेही शुल्क घेतले नाही. आखाड्यात जडलेला ऋणानुबंध कसा टिकतो, हे आपल्याकडील वस्तादांना समजावून सांगण्याची गरज नाही. ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथे कुस्तीचे राष्ट्रीय स्मारक-संग्रहालय आहे. तेथे मोठमोठ्या मल्लांबरोबर लिंकन यांचाही सन्मान केलेला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आयोवातील शेतकरी कुटुंबातला फ्रँक गॉच हा मल्ल अमेरिकेच्या गळ्यातील ताईत झाला. १९०८ साली शिकागो शहरात त्याने जगज्जेत्या जॉर्ज हॅकेनश्मिटला दोन तास झुंजवून नमविले. १९११ साली त्याच शहरातील बेसबॉलच्या मैदानावर दोघांची दुसरी लढत झाली, तेव्हा सुमारे ३० हजार प्रेक्षक जमले होते. मधल्या काळात, १९१० साली, आपला गामा पैलवान लंडनला गेला. तेथे त्याने डॉ. बेंजामिन रोलर या अमेरिकी मल्लाला अस्मान दाखविले आणि गॉचलाही आव्हान दिले. परंतु ती कुस्ती कधी झाली नाही. या काळापर्यंत दोन्ही देशांतील मल्लांची स्थिती जवळपास सारखीच होती. तेथे तिकिटावर खेळ लावणारा व्यवस्थापक मल्लाला पोसत असे आणि येथे संस्थानिक.

वाटा वेगळ्या झाल्या त्या यानंतर. १९२८ साली आयोवातील एम्स येथील कृषी महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा प्रथमच भरली. म्हणजे कुस्ती जत्रेच्या आणि तिकिटाच्या फडातून उठून शाळा-महाविद्यालयाच्या वेळापत्रकात जाऊन बसली. मल्लाला शिष्यवृत्ती मिळू लागली. परंतु ती टिकविण्यासाठी वर्गात बसावे लागे आणि परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागे. १९४७ साली माउंट व्हर्नन या आयोवातील छोट्या गावच्या कॉर्नेल महाविद्यालयाने मोठमोठ्या विद्यापीठांना मागे टाकून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. या व्यवस्थेत पैशाचा पूर वाहत होता, असे मात्र समजू नये. अगदी अलीकडेपर्यंत पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठालाही पुरुषांच्या कुस्ती संघासाठी ९.९ शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा होती. तेवढ्याच तीस-पस्तीस मुलांत तुकडे करून वाटाव्या लागत. तरीही हिशेब चोख होता, कारण मुलाच्या हाती शेवटी पदवी राहत असे.

याच व्यवस्थेतून डॅन गेबल घडला. आयोवातील वॉटरलू गावचा हा मुलगा पंधरा वर्षांचा असताना त्याच्या थोरल्या बहिणीची राहत्या घरात हत्या झाली. खचलेल्या त्या कुटुंबाला कुस्तीने सावरले. महाविद्यालयात ११७ विजय मिळविल्यानंतर १९७० साली अखेरच्या लढतीत त्याचा एकमेव पराभव झाला. तो पराभव त्याने मनाला लावून घेतला आणि १९७२ च्या म्युनिच ऑलिंपिकमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्णपदक जिंकले. पण माझ्या मते गेबलची खरी कमाई त्यापुढची आहे. आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून १९७६ ते १९९७ या काळात त्याने संघाला १५ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. मल्ल थकला, तरी त्याची विद्या नोकरीच्या रूपाने त्याच्याजवळ राहिली.

आता कृष्णाकाठी येऊ. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले आणि सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील गावोगावच्या तालमींना बळ आले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. आयुष्य लाल मातीत गेलेले. गादीवरील कुस्ती त्यांना नवखी होती. तेथे त्यांना गादीचे तंत्र शिकविणारे प्रशिक्षक रीस गार्डनर हे अमेरिकी मल्ल होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्या वेळी खाशाबा सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसा उभा राहीना, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून प्राचार्यांचे घर सोडविले. पुढे ते पोलीस खात्यात गेले, १९८४ साली अपघातात वारले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

एका प्राचार्यांनी शिष्यासाठी घर गहाण टाकले, ही घटना ऐकून ऊर भरून येतो. परंतु आयुष्यभर तारणाची कागदपत्रे तपासलेला माणूस म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या व्यवस्थेला जागतिक दर्जाच्या मल्लासाठी एका सज्जनाच्या घरावर विसंबावे लागते, ती व्यवस्था नसून तो निव्वळ योगायोग असतो. खर्डेकर भेटले म्हणून खाशाबा हेलसिंकीला पोहोचले. ज्यांना खर्डेकर भेटले नाहीत, त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत.

बँकेच्या सेवेत असताना वाळवा तालुक्यातील एका शाखेत एक ऊसउत्पादक शेतकरी पत्नीच्या पाटल्या घेऊन सोनेतारण कर्जासाठी आले होते. अर्जातील कर्जाच्या हेतूविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पोराचा खुराक.” दूध, तूप, बदाम यांचा महिन्याचा खर्च त्यांनी पाठ केल्यासारखा सांगितला. खुराकासाठी रकाना नव्हता. नोंद ‘घरखर्च’ अशी झाली. मुलाने दोन-तीन वर्षे जत्रांतील फड गाजविले. नंतर गुडघा निखळला. पाटल्या वडिलांनी यथावकाश सोडविल्या. परंतु शाळा दहावीतच सुटलेल्या त्या सव्वीस वर्षांच्या मुलापुढे कोणता व्यवसाय होता? वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे, तर मल्लाचे शरीर ही फार वेगाने घसारा लागणारी मालमत्ता आहे. तिच्या जोडीला घसारा न लागणारी एखादी मालमत्ता नसेल, तर तिशीनंतरचा ताळेबंद तोट्यातच जायचा. ती दुसरी मालमत्ता म्हणजे शिक्षण.

अमेरिकेचे सारेच अनुकरणीय आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तेथेही अंदाजपत्रक आखडले की पहिली कुऱ्हाड कुस्तीवर पडते. गेल्या अर्धशतकात अनेक महाविद्यालयांनी आपले संघ बंद केले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानेही २०२० साली कुस्तीसह ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले. पुढच्या मार्चमध्ये त्याच विद्यापीठाचा शेन ग्रिफिथ हा मल्ल विद्यापीठाचे नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून गादीवर उतरला आणि राष्ट्रीय विजेता झाला. माजी विद्यार्थी एकवटले, निधी उभा राहिला आणि मे २०२१ मध्ये विद्यापीठाला निर्णय मागे घ्यावा लागला. संस्था टिकते ती तिच्यामागे समाज उभा असेल तरच. २०१५ साली आयोवा विद्यापीठाने फुटबॉलच्या उघड्या मैदानावर एक कुस्ती सामना घेतला, तेव्हा ४२,२८७ प्रेक्षक आले होते. हा आकडा वाचून आपल्या भागातील रसिकांना नवल वाटणार नाही. आपल्या जत्रांतही मैदान असेच फुलते. प्रेक्षकांच्या बाबतीत आपण आयोवाहून उणे नाही. उणीव आहे ती मैदान आणि शाळा यांना जोडणाऱ्या दुव्याची.

आष्ट्यापासून फार दूर नसलेल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके मिळविली. सांगलीकडे जाताना वाटेत लागणाऱ्या तुंग गावची प्रतीक्षा बागडी मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आयोवा विद्यापीठाच्या महिला संघाचा पहिला हंगामही त्याच वर्षी सुरू झाला. म्हणजे लेकींना आखाड्यात उतरविण्यात आपण मागे नाही. मातीत काहीही कमी नाही.

वाळवा तालुक्यात शिक्षणसंस्था आहेत, साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत आणि जत्रेच्या फडासाठी सढळ हाताने देणगी देणारे दातेही आहेत. जत्रेतील इनामाच्या रकमेचा दहावा हिस्सा जरी गावच्या शाळेतील गादीसाठी, प्रशिक्षकाच्या वेतनासाठी आणि मल्लाच्या पदवीपर्यंतच्या शुल्कासाठी दरवर्षी बाजूला काढला, तरी पाच वर्षांत फरक दिसू लागेल. अट एकच असावी: वर्गातील हजेरी भरली नाही, तर फडात नाव पुकारले जाणार नाही. येत्या जत्रेच्या सभेत इनामाची यादी ठरेल, तेव्हा आपल्यापैकी कोणी तरी उठून हा एवढा ठराव मांडावा. अनुमोदन द्यायला मी हजर राहीन.