कण असू द्यात!

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी पाहिली नसेल, त्यांनी एकदा तरी चोर्ला घाट चढावाच. वैशाखातली रात्र, गल्लोगल्लीच्या मंडळांचे सजीव देखावे, पुढे ढोल-ताशे नि लेझीम, आणि हे सगळं रात्रभर!

फोटो काढायला गेलात की मात्र फजिती ठरलेली. मला कुणीतरी बजावलं होतं, "आयएसओ वाढवू नकोस, फोटो खराब होतो." मी प्रामाणिकपणे १०० वर ठेवला. शटर अर्धा अर्धा सेकंद उघडं. घरी येऊन पाहतो तर सगळ्या मावळ्यांची भुतं झालेली! पुढल्या वर्षी फ्लॅश मारला. चेहरे पांढरेफटक, मागची रोषणाई गडप.

तो सल्ला अर्धाच खरा होता. आयएसओ वाढवल्यानं कॅमेऱ्यात जास्त उजेड येत नाही. आलेला तुटपुंजा उजेडच फुगवून दाखवला जातो. उजेड पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा पडतो. थेंब मोजकेच असले की एका फरशीवर चार, शेजारच्या फरशीवर दोन. तोच फरक फुगला की फोटोत कण दिसतात, रंग फिके पडतात, काळोखातले बारकावे जातात. मोठा सेन्सर जास्त थेंब झेलतो, म्हणून त्यात कण कमी.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. १०० वर अर्धा सेकंद लागत असेल, तर ६४०० वर साधारण १/१२५ सेकंद पुरतो. लेझमीचा हात जागच्या जागी थांबतो. २००७ मध्ये निकॉनच्या डी३ मध्ये ६४०० मिळाला, तेव्हा त्याचं केवढं अप्रूप! आज तो आकडा साध्या कॅमेऱ्यातही असतो.

फोटो लहान छापला की कण बरेचसे विरतात. हललेला चेहरा काही केल्या परत येत नाही. आणि कण पुसण्याच्या नादात मोबाइल चेहराच मेणाचा करून टाकतो, तो तर कणांहून वाईट. जिजाऊ झालेल्या पोरीच्या कपाळावरचा घामसुद्धा पुसला जातो!

१९५६ साली म्हैसूर राज्यात गेलेल्या या गावातला मराठी माणूस वर्षातून एकदा आपली भाषा अशी वाजतगाजत रस्त्यावर आणतो. ती पोर उद्या आजी होऊन नातवंडांना हा फोटो दाखवील. त्यात तीच दिसायला हवी. तेव्हा बिनधास्त आयएसओ वाढवा. आपल्या शिगम्यातसुद्धा!

रात्र होती, म्हणून कण आहेत. असू द्यात की!