उतरलेले संगणक घ्यावेत काय?

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज बँकांत, विमा कार्यालयांत, महाविद्यालयांत आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जबाबदारीच्या पदांवर आहेत. त्यांच्याकडून अलीकडे एक विचारणा वारंवार होते : “सर, आमच्याकडचे जुने संगणक बदलत आहेत. शाळेला पाठवले तर चालतील का?” विचारणा वाढण्याचे कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. परिणामी, ज्यांच्या लोखंडाला आणि तारांना काहीही झालेले नाही अशी असंख्य यंत्रे निर्लेखनाच्या यादीत गेली आहेत.

या विचारणेवर पालकसभेत एका ज्येष्ठ पालकांनी घेतलेला आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, “दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले घालण्याचे दिवस आपण मागे टाकले. मग लेकरांच्या हाती उतरलेले यंत्र कशासाठी?” या वाक्यावर काही जण हसले. मला हसू आले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या भगिनींना पेहराव आणि दागिन्यांची जुनी रीत टाकून देण्यास का सांगितले, हे इतिहासाच्या शिक्षकाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. वस्तू स्वस्तात मिळते म्हणून ती घ्यावीच असे नाही. ती अंगावर घेतल्याने आपण कोण ठरतो हाही प्रश्न असतो. म्हणून त्या आजोबांच्या प्रश्नाला हिशेबाच्या वहीतून उत्तर देता येणार नाही.

माझे उत्तर असे आहे. संगणक ही एक वस्तू दिसली तरी ती दोन वस्तूंची जोडी असते : एक यंत्र आणि दुसरी त्यावर चालणारी प्रणाली. यंत्र पंधरा वर्षे टिकते, प्रणाली मात्र वर्षागणिक जड होत जाते आणि मग तिचा कर्ताच तिला सोडून देतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरीही गावोगावच्या शाळांत, सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत ती आजही चालू आहे. खऱ्या अर्थाने ‘उतरलेले’ काय असेल तर ते हे : कर्त्याने टाकून दिलेली प्रणाली आपण नाइलाजाने वापरत राहणे. याउलट त्याच यंत्रावर या वर्षीची, नियमित सुधारणा मिळणारी आणि कायद्याने आपली असलेली प्रणाली चालवली, तर ते यंत्र उतरलेले राहत नाही. ही गोष्ट लिनक्सने शक्य होते. त्यासाठी जुनी विंडोज पुसावी लागत नाही. एक पेनड्राइव्ह पुरतो.

लिनक्सचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. कोणतीही आज्ञावली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क प्रत्येकाला असावा, ही त्यामागची भूमिका. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. या दोन प्रवाहांतून जे उभे राहिले त्यावर आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर चालतात आणि आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. म्हणजे ज्या पालकांना लिनक्स हा शब्द नवा वाटतो, त्यांच्याही खिशात तो बहुधा आहेच. याला ‘फुकट’ म्हणण्यापेक्षा ‘मुक्त’ म्हणावे. फुकट मिळालेले कुणीही काढून घेऊ शकतो. येथे परवानाच असा आहे की एकदा दिलेला हक्क परत घेता येत नाही.

यातील काही आवृत्त्या मुद्दाम हलक्या बांधलेल्या आहेत. २००० साली जर्मनीतील क्लाउस नॉपर यांनी ‘नॉपिक्स’ तयार केली. ती एका सीडीवरून थेट चालत असे, संगणकात काहीही बसवावे लागत नसे. २००३ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी ‘पपी लिनक्स’ काढली. तिची युक्ती समजण्यासाठी आपल्या भोजनगृहाकडे पाहावे. हार्डडिस्क म्हणजे धान्याचे कोठार, आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. जुन्या यंत्राचा ओटा लहान असतो आणि कोठाराची वाट लांब. जड प्रणाली आपल्याच भांड्यांनी ओटा भरून टाकते आणि मग प्रत्येक चिमूटभर मिठासाठी कोठाराकडे धावते. यंत्र ‘अडकते’ ते या धावपळीने. पपी सुरू होतानाच आपला सगळा संसार ओट्याच्या एका कोपऱ्यात मांडून घेते आणि कोठाराकडे जवळजवळ जातच नाही. तिच्या अलीकडच्या आवृत्त्याही काहीशे एमबीत मावतात. अँटीएक्स ही दुसरी हलकी प्रणाली. थोडे बरे यंत्र असेल तर लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती.

करण्याची रीतही अवघड नाही. चांगल्या संगणकावर प्रणालीची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी आणि रूफस किंवा एचर या साधनाने ती ८ किंवा १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. त्यावरचे आधीचे सर्व पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे. मग पेनड्राइव्ह जुन्या यंत्राला लावून, ते चालू करताच निवडयादीची कळ दाबावी. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक यंत्रांत ती एफ १२ असते, एचपीच्या यंत्रांत एस्केप किंवा एफ ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की लिनक्स उघडते. बंद करताना पपी विचारते की काम जतन करायचे का; होकार दिला की पेनड्राइव्हवरच एक फाइल तयार होते आणि पुढच्या वेळी आपले पान सोडले होते तेथेच सापडते. पेनड्राइव्ह काढून यंत्र चालू केले की विंडोज पूर्वीसारखीच. विंडोज ८ नंतरच्या यंत्रांत सिक्युअर बूट बंद करावे लागू शकते. अशा वेळी बिटलॉकर चालू असेल तर त्याची परतप्राप्तीची किल्ली आधी लिहून ठेवावी, नाहीतर विंडोज उघडताना अडचण येईल.

विद्यालयाच्या संगणक-कक्षात आम्ही गेले वर्षभर हे चार यंत्रांवर करून पाहत आहोत. त्यांपैकी दोन कोअर टू ड्युओची, २ जीबी रॅमची. विंडोज ७ सुरू होईपर्यंत मुले हजेरी देऊन, वही उघडून, एकमेकांना चिमटे काढून मोकळी होत. आता तासाची ती मिनिटे हाती येतात. निबंध लिहिणे, गुणांचा तक्ता करणे, चित्र काढणे, पायथनच्या चार ओळी लिहून पाहणे, हे सारे सुरळीत होते. आणखी एक उपद्रव थांबला. बाहेरच्या दुकानात छपाईला नेलेल्या पेनड्राइव्हमधून यायचा तो विषाणू, जो फोल्डर लपवून त्यांच्या जागी खोटे शॉर्टकट दाखवतो, तो विंडोजसाठी लिहिलेला असल्याने येथे निष्प्रभ ठरतो.

मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. प्रणाली हलकी झाली तरी आजची संकेतस्थळे हलकी नाहीत. २ जीबीच्या यंत्रावर ब्राउझरमध्ये चार-पाच पाने उघडली की ओटा भरतोच, आणि चित्रफीत अडखळते. ३२ बिटचे यंत्र तर आता घेऊच नये : क्रोमने लिनक्सवरील ३२ बिटचा आधार २०१६ सालीच सोडला आणि फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये तोच मार्ग धरला. स्वस्त पेनड्राइव्ह सततच्या लेखनाने झिजतात, म्हणून महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत हवीच. मराठीसाठी देवनागरी फॉन्ट आणि टंकलेखनाची सोय काही हलक्या आवृत्त्यांत स्वतः बसवावी लागते. ती बसली की इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक मिळतात. मात्र श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले मजकूर तो फॉन्ट बसवल्याखेरीज किंवा युनिकोडमध्ये बदलून घेतल्याखेरीज नीट वाचता येणार नाहीत. आपल्या समाजातील कितीतरी संस्थांचे अहवाल आणि स्मरणिका अशा फॉन्टांत अडकून पडल्या आहेत. तो स्वतंत्र आणि तातडीचा विषय आहे. लिनक्समुळे तो निदान डोळ्यांसमोर येतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आपल्या निवासी विद्यार्थ्याच्या मालकीचे येथे काय असते? पलंग संस्थेचा, ताट संस्थेचे, पुस्तकेही बरीचशी संस्थेची. त्याची स्वतःची असते ती पत्र्याची पेटी. तिला छोटेसे कुलूप असते, झाकणावर आत नाव लिहिलेले असते, आणि तिच्यात आईने दिलेल्या डब्यापासून जपून ठेवलेल्या पत्रापर्यंत सगळे असते. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला ती पेटी आठवत असेल. संगणक-कक्षात मात्र मुलाला अशी पेटी नव्हती. एकाच यंत्रावर तीन तुकड्या बसायच्या. सकाळी केलेले काम दुपारी कुणीतरी पुसायचे. ‘माझे’ असे काही त्या पडद्यावर उरतच नसे. घरी संगणक असलेल्या शहरी मुलाला हे दुःख कळायचे नाही.

पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने हे बदलते. आठवीच्या काही मुलींना आम्ही प्रत्येकी एक पेनड्राइव्ह दिला. त्यावर तिचे नाव, तिची मांडणी, तिच्या फाइली. कक्षातल्या कुठल्याही चालू यंत्रासमोर ती बसली तरी उघडतो तो तिचाच संगणक. सुट्टीत गावी गेली आणि ग्रामपंचायतीच्या किंवा ओळखीच्या शिक्षकांच्या संगणकावर परवानगीने बसता आले, तर तेथेही तोच. तिच्या गळ्यातल्या दोरीला लटकणाऱ्या त्या काडेपेटीएवढ्या वस्तूची किंमत काहीशे रुपये आहे. नवा संगणक प्रत्येकीला देणे संस्थेला शक्य नाही, हे शक्य आहे. आणि येथे दान कोणते, हे पाहा : यंत्र सामायिक आणि जुने, पण जे तिचे स्वतःचे आहे ते नवे.

पालकांचा दुसरा प्रश्न नोकरीचा असतो. एमएस-सीआयटी विंडोजवर, कार्यालयांत विंडोज, टॅली विंडोजवर. मग हे शिकून काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. म्हणून माझा आग्रह विंडोज काढून टाकण्याचा नाही. परीक्षेसाठी लागणारी यंत्रे नव्या, परवानाधारक विंडोजवरच ठेवावीत. चोरून उतरवलेली प्रत तर शाळेत मुळीच नको. परंतु लिब्रेऑफिसमध्ये तक्ता करायला शिकलेले मूल एक्सेलसमोर गांगरत नाही, असा माझा अनुभव आहे. एका कंपनीच्या पडद्यावर बटणाची जागा पाठ करणे म्हणजे संगणक-शिक्षण नव्हे. केरळने शाळांतील संगणक-शिक्षण गेली सुमारे दोन दशके मुक्त आज्ञावलीवर चालवले आहे. तेथील ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. ती मुले नोकरीत मागे पडल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे, त्यांनीच ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची लिनक्स विकसित केली. ती फारशी हलकी नाही, तरी आपल्या शाळांच्या बैठकांत तिचे नावही निघू नये, हे मला खटकते.

तर उतरलेले संगणक घ्यावेत काय? घ्यावेत, पण अटीवर. पाठवणाऱ्या माजी विद्यार्थ्याने आधी त्या यंत्रावर स्वतः पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आपले एक दिवसाचे काम करून पाहावे : पत्र लिहावे, ईमेल पाहावा, एखादा तक्ता भरावा. संध्याकाळी त्याला वाटले की हे चालण्यासारखे आहे, तर पाठवावे. जे त्याला एक दिवस सोसवले नाही ते त्याच्या धाकट्या भावंडांना पाच वर्षे सोसायला लावू नये. यंत्र ६४ बिटचे आणि निदान २ जीबी रॅमचे, शक्यतो ४ जीबीचे असावे. आतील खासगी माहिती पुसूनच द्यावे. पडद्याविना, कळफलकाविना, नुसते डबे ट्रकभर पाठवू नयेत. त्यांच्या भंगाराची विल्हेवाट लावण्याचा खर्च संस्थेवर पडतो.

आणि ज्यांच्याकडे जुने यंत्र नाही त्यांनी दोन पेनड्राइव्ह द्यावेत, एक वापरायला आणि एक प्रतीसाठी. येत्या जूनपासून आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला असा संच मिळावा, असा प्रस्ताव मी शिक्षकसभेपुढे ठेवला आहे. दहावीनंतर शाळा सोडताना इतर साहित्याप्रमाणे तो जमा करून घेऊ नये, पेटीबरोबर घरी जाऊ द्यावा, असेही त्यात लिहिले आहे. या कलमावर सभेत मतभेद आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपले मत लेखी कळवावे.