लाल ज्वारी : धान्य की पशुखाद्य?

भारत आणि अमेरिका यांनी फेब्रुवारी २०२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त निवेदनात पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी आणि धान्यापासून मद्यार्क काढल्यावर उरणारा सुका चोथा यांवरील आयातशुल्क कमी अथवा रद्द करण्याचा उल्लेख आहे. शुल्क किती घटणार, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ‘पशुखाद्यासाठीची ज्वारी’ बंदरावर ओळखायची कशी? सोलापूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांतील ज्वारी उत्पादकांचे हित या प्रश्नाच्या उत्तरावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

आयात मालावरील शुल्काचा दर त्याच्या वर्गीकरणानुसार ठरतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गीकरण प्रणाली १९८८ पासून अमलात आहे. तिचे पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात. पुढील अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. भारतात २००३ पासून आठ अंकी वर्गीकरण वापरले जाते. त्यानुसार लसूणघास व तत्सम चारा १२१४ या शीर्षकाखाली येतो. तो हिरवा असो, वाळलेला असो, गोळ्यांच्या रूपात असो वा मुरघास केलेला असो, शीर्षक बदलत नाही. गव्हाचे काड व भाताचा पेंढा १२१३ मध्ये, सोयापेंड २३०४ मध्ये, तर तयार मिश्र पशुखाद्य २३०९ मध्ये मोडते. लसूणघासाचे बियाणे मात्र १२०९ मध्ये जाते.

ज्वारीचे शीर्षक १००७ आहे. त्यात बियाणे आणि इतर ज्वारी एवढाच भेद आंतरराष्ट्रीय प्रणालीने केला आहे. दाण्याचा रंग कोणता आणि तो कोण खाणार, याचा तेथे विचार नाही. त्यामुळे केवळ पशुखाद्याच्या ज्वारीला सवलत द्यायची, तर अधिसूचनेत वापराची अट घालावी लागेल. अशा सवलतींसाठी २०२२ चे नियम आहेत. त्यांनुसार आयातदाराने आगाऊ माहिती व बंधपत्र द्यावे लागते आणि मालाचा वापर ठरलेल्या कामासाठीच झाल्याचा हिशेब ठेवावा लागतो.

अधिसूचनेतील शब्द संदिग्ध राहिल्यास काय होते, हे मुंबईतील एका प्रकरणाने दाखवून दिले आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये दिलीप कुमार आणि कंपनी या आयातदाराने पशुखाद्य दर्जाची ई जीवनसत्त्वाची भुकटी आणली आणि कोळंबीच्या खाद्यासाठी असलेला ५ टक्के दर मागितला. ही वस्तू रसायनांच्या प्रकरण २९ मध्ये मोडते व तिच्यावर ३० टक्के शुल्क लागू होते, असे सीमाशुल्क विभागाचे म्हणणे होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला. सवलतीच्या अधिसूचनेचा अर्थ काटेकोरपणे लावावा आणि संदिग्धतेचा लाभ महसुलाच्या बाजूने द्यावा, असा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ३० जुलै २०१८ रोजी दिला. पशुखाद्याच्याच प्रकरणात १९९७ मध्ये देण्यात आलेला सन एक्स्पोर्ट निकाल त्यामुळे रद्दबातल ठरला. कायद्याचे तत्त्व स्पष्ट झाले, पण त्यासाठी १९ वर्षे गेली.

ज्वारीच्या बाबतीत प्रश्न शुल्कापुरता मर्यादित नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातील ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळण्यात आले आहे. माणसांसाठीच्या अन्नाच्या वादग्रस्त नमुन्यांची फेरतपासणी म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या निर्देश प्रयोगशाळांमध्ये होते. पशुखाद्य म्हणून आलेला दाणा मात्र या चौकटीबाहेर राहतो. तोच दाणा पुढे भाकरीच्या पिठात पोहोचल्यास शुल्क आणि सुरक्षितता या दोन्ही बाबींना बगल दिल्यासारखे होईल.

काटेकोर शब्दरचना अशक्य नाही, हे सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये दाखवले. कुक्कुटपालकांच्या मागणीवरून १२ लाख टन जनुकीय परिवर्तित सोयापेंड आयात करण्यास तेव्हा परवानगी देण्यात आली. ही पेंड भरडलेली व तेल काढलेली असावी, म्हणजेच पेरल्यास उगवणारी नसावी, अशी अट होती. प्रवेशासाठी न्हावा शेवा बंदर व पेट्रापोल सीमा ठाणे नेमून दिले होते. सोयाबीन उत्पादकांचा आयातीला असलेला विरोध त्यामुळे मावळला नाही. परंतु कोणता माल येणार, याविषयी शंका उरली नाही.

ज्वारीसाठीही कायद्यात मार्ग आहे. अनेक कामांसाठी वापरता येणारा माल एखाद्या वापरासाठी निरुपयोगी करून त्या रूपातील दराने शुल्क आकारता यावे, यासाठी सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २४ नुसार सरकार नियम करू शकते. दाणा बंदरावरच भरडून वा रंगवून सोडण्याचा विचार त्याआधारे करता येईल. शिवाय आठ अंकी वर्गीकरणातील शेवटचे दोन अंक भारताच्या हाती आहेत. पशुखाद्याच्या लाल ज्वारीस स्वतंत्र क्रमांक दिल्यास आयातीचे नेमके प्रमाण तरी कळेल.

पशुखाद्य स्वस्त व्हावे, ही म्हैसूर भागातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील दूध उत्पादकांची अपेक्षा रास्तच आहे. मात्र ज्वारीच्या पिकातून दाण्याबरोबर कडबाही मिळतो. आयात दाण्यामुळे बाजारभाव पडले आणि शेतकऱ्याने पेरा कमी केला, तर गोठ्यातील कडबाही महागेल. पशुखाद्याला दिलेली सवलत चाऱ्यालाच महाग पडू नये, यासाठी अधिसूचनेचा मसुदा करतानाच शब्दांची काळजी घेणे आवश्यक आहे.