घरगुती मोटार आणि सरकारी तपासनीस

मोटार ही कारखान्यातच जन्माला यावी आणि ग्राहकाने ती तयार स्थितीतच विकत घ्यावी, हा आपल्याकडे जणू सृष्टिनियम मानला जातो. परंतु इंग्लंडात गेली सहा-सात दशके असा एक वर्ग नांदत आला आहे की, जो मोटारीचे सुटे भाग पेट्यांतून घरी आणतो आणि सुटीचे दिवस खर्ची घालून स्वतःची गाडी स्वतःच्या हाताने उभी करतो. या छंदाला बहर आणला तो करआकारणीतील एका फटीने. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची छोटी, उघडी, पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची गाडी काढली, तेव्हा तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. मात्र अशा संचासोबत जोडणीची पुस्तिका देण्यास मनाई होती. तेव्हा कंपनीने गाडी खोलण्याच्या सूचना छापून दिल्या आणि त्या उलट्या क्रमाने वाचण्याचे काम गिऱ्हाइकाच्या अकलेवर सोपवले, असे सांगतात. १९७३ साली खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपुष्टात आली, पण सवलतीने लावलेला नाद काही सुटला नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याची कृती सांगणारे पुस्तक लिहिले, तेव्हा तर वेल्डिंगचा हात असलेल्या सामान्य माणसालाही ही वाट मोकळी झाली.

या छंदिष्टांविषयी मला आदर वाटतो. तथापि त्यांच्या कौशल्याची खरी परीक्षा इंजिनाच्या गर्जनेत किंवा रंगाच्या चकाकीत नसून, सुरक्षा-पट्ट्यांची टोके ज्या चार-सहा बोल्टांनी चासीला जखडलेली असतात आणि जे बोल्ट पुढे अस्तराखाली कायमचे झाकले जातात, त्या बोल्टांत आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळली आणि आतला ७५ किलो वजनाचा माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, असे धरले, तर त्याला रोखण्यासाठी पट्ट्यांना सरासरी दीड टनाच्या आसपास ओढ सोसावी लागते. क्षणिक कमाल त्याहूनही मोठी. पट्टा हा भार पेलतो, कारण तो कारखान्यात विणून, तपासून, शिक्का घेऊन आलेला असतो. संशयाला जागा असते ती त्याच्या टोकाशी, म्हणजे जेथे कारखान्याचा अधिकार संपून घरच्या ड्रिलचा अंमल सुरू होतो तेथे.

अशा गाडीची चासी बहुधा एक इंची पोकळ चौकोनी नळ्यांची असते, नळीची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, आणि वरची बॉडी पुष्कळदा फायबरग्लासची. त्या नळीला आरपार भोक पाडून बोल्ट आवळला, तर नळी आवळतानाच चेपते, आणि भोकाने तिची शक्ती आधीच घटलेली असते. नुसत्या फायबरग्लासला आवळला, तर प्रसंग येताच तो वायसरसकट उपटून हातात येतो. म्हणून जाणता कारागीर नळीत आधी पोलादी बुश वेल्ड करतो, की जेणेकरून बोल्टाचा दाब पातळ भिंतींवर न पडता बुशावर पडावा. आणि पत्र्यातून बोल्ट काढणे भागच असेल, तर पलीकडून रुंद पोलादी पट्टी देतो, की जिच्यायोगे ओढ एका भोकाच्या कडेवर न एकवटता विस्तृत क्षेत्रावर विभागली जावी. मोटार-शर्यतींची जागतिक नियामक संस्था ‘एफआयए’ हिने या पट्टीचे क्षेत्रफळ किमान ४० चौरस सेंटिमीटर आणि जाडी किमान ३ मिलिमीटर ठरवून दिली आहे, आणि खांद्याच्या व कमरेच्या प्रत्येक जोडाने १,४७० डेकान्यूटन, म्हणजे सुमारे दीड टनाची ओढ सोसली पाहिजे, असा दंडक घातला आहे.

बळकटीइतकेच महत्त्व दिशेला आहे. खांद्यावरून मागे जाणारे पट्टे आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा अधिक खाली उतरू नयेत, आणि शक्यतो १० अंशांच्या आतच असावेत, असे तीच नियमावली सांगते. याचे कारण साध्या यांत्रिकीत आहे. सीटमागे तळाशी चासीची भक्कम नळी आयतीच असते, आणि तिला बोल्ट मारणे नवशिक्याला सर्वांत सोयीचे वाटते. परंतु ४५ अंशांनी उतरणारा पट्टा माणसाला जितका मागे खेचतो तितकाच खाली दाबतो, आणि हा सारा दाब पाठीच्या कण्याला सोसावा लागतो. तीच गोष्ट कमरेच्या पट्ट्याची. तो श्रोणीच्या हाडांवर बसावयास हवा; पण मांड्यांमधून येणारा खालचा पट्टा नसेल, तर खांद्याचे पट्टे ताणले जाताच कमरेचा पट्टा वर सरकून मऊ पोटात रुततो आणि माणूस त्याखालून पुढे घसरतो. अशा अपघातात बोल्ट तुटत नाही, पट्टा फाटत नाही, वेल्डिंगला तडाही जात नाही. सगळे काही शाबूत राहते आणि आतला माणूस तेवढा जायबंदी होतो.

येथे एक पेच आहे, आणि तोच या विषयाचा गाभा होय. कारखानदार आपल्या नव्या नमुन्याची एक बॉडी घेऊन तिच्या जोडांना यंत्राने ओढतो. युरोपीय नियमाप्रमाणे खांद्याच्या आणि कमरेच्या भागांवर प्रत्येकी १,३५० डेकान्यूटन ओढ लावली जाते. त्या ओढीने ती बॉडी वाकली-चिंबली तरी बिघडत नाही, कारण तिच्यासारख्या हजारो पुढे निघावयाच्या असतात. घरी गाडी बांधणाऱ्याजवळ मात्र एकच गाडी असते. तिच्या जोडांची शक्ती अजमावण्यासाठी ते ताणावेत, तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही गाडी निकामी होण्याचा संभव. म्हणून त्याला स्वतःच्या अनुभवावर नव्हे, तर परक्याच्या अनुभवावर विसंबावे लागते, आणि तो परक्याचा अनुभव पट्टीची जाडी, पट्ट्याचा कोन, बोल्टाची प्रत अशा रुक्ष आकड्यांत साठवलेला असतो. १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकी वायुदलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप अग्निबाणाच्या गाड्यावर स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन ताशी हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. गुरुत्वाच्या सेहेचाळीस पट धक्का सोसूनही ते जगले, आणि नीट बांधलेला देह किती सोसू शकतो, हे जगाला कळले. १९५९ साली नील्स बोलीन या स्वीडिश अभियंत्याने विमानांच्या निष्कासन-आसनांवरील कामाचा अनुभव गाठीशी बांधून व्होल्व्होसाठी त्रिबिंदू पट्टा सिद्ध केला, आणि कंपनीने तो इतर कारखानदारांनाही खुला ठेवला. नियमपुस्तिकेतील आकड्यांना कारकुनी खोडी समजणाऱ्या छंदिष्टाने ही वंशावळ एकदा ध्यानात घ्यावी.

इंग्लंडच्या सरकारने या पेचातून जी तोड काढली ती मला शहाणपणाची वाटते. १९९८ सालापासून तेथे एकेका गाडीच्या स्वतंत्र मंजुरीची पद्धत सुरू झाली, आणि २००९ साली तिला आजचे स्वरूप आले. घरी बांधलेली गाडी मालक तपासणी-केंद्रावर नेतो. तपासनीस पट्ट्यांच्या जागा, सीटची पकड, ब्रेक, दिवे, अंगावर येणाऱ्या धारदार कडा हे सारे पाहतो, आणि नामंजुरी द्यावयाची तर कारणे लेखी देतो. मालक घरी जाऊन दोष दुरुस्त करतो व गाडी पुन्हा हजर करतो. यात छंदाचा उपमर्द नाही आणि त्याला मोकाट सोडणेही नाही.

आपल्याकडे उलट प्रकार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील १२६ वा नियम नमुना-चाचणीचा, आणि तो मुळातच कारखानदाराच्या ऐपतीला धरून रचलेला. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम फेरबदलांना आडवे येते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असे बजावले. कायद्याचा शब्द इतका कडक. तरीही जीपगाड्यांची आसने बदलणे, पिंजरे चढवणे, शर्यतीचे पट्टे मिळेल त्या पत्र्याला आवळणे, हे उद्योग आपल्या गॅरेजांत बिनदिक्कत चालतात. सरसकट मनाईचा परिणाम एवढाच की, जे काम तपासनिसाच्या डोळ्यांदेखत झाले असते, ते त्याच्या पाठीमागे होते.

यावर हरकत घेतली जाईल की, ज्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, तेथे हौशी लोकांना मोटारी बांधू देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. हरकत वजनदार आहे, पण तिचा रोख चुकला आहे. ही माणसे घरगुती मोटारींनी मारलेली नाहीत. आणि कारखान्याने निर्दोष बसवलेला पट्टा न वापरण्याची वृत्ती त्यांतल्या पुष्कळांना भोवली आहे. पट्टा न लावता त्याच्या इशाऱ्याचा आवाज तेवढा बंद करणाऱ्या खोट्या क्लिपा इतक्या खुलेआम विकल्या जात होत्या की, २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या संकेतस्थळांवरून हटवण्याचा हुकूम काढावा लागला. ज्याने स्वतः बुश वेल्ड केला, कोन मोजला आणि तो कोन तसाच का, हे तपासनिसाला समजावून सांगितले, तो मनुष्य अशी क्लिप विकत घेईल हे मला संभवनीय वाटत नाही.

शिवाय असा प्रयोग आपल्याकडे चालूच आहे. पुण्या-कोल्हापुरासारख्या शहरांतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाजा’सारख्या स्पर्धांसाठी दरवर्षी गाड्या बांधतात, आणि पट्टे व त्यांचे जोड परीक्षकांच्या पसंतीस उतरल्यावाचून त्या गाड्या मैदानावर सोडल्या जात नाहीत. पुण्यात १९६६ पासून ‘एआरएआय’ ही वाहनसंशोधन संस्था उभी आहे. अशा संस्थेकडे, मर्यादित संख्येच्या, भाड्याने न चालवावयाच्या घरगुती गाड्यांच्या तपासणीचे काम सोपवावे. सारा खर्च मालकाकडून घ्यावा. प्रत्येक जोडाची छायाचित्रे अस्तर चढवण्यापूर्वीच दफ्तरी दाखल करण्याची सक्ती असावी, आणि तपासनिसाने आपला निर्णय सकारण व सहीनिशी द्यावा. एवढी तजवीज झाल्यास मनाईचा हुकूम मागे घेण्यास सरकारने कचरू नये, आणि तपासणीची ही अट जाचक म्हणून नाकारणाऱ्या छंदिष्टाला मात्र रस्ता खुशाल बंद ठेवावा.