पिन बसली म्हणजे ट्रॉली जुळली असं नाही



गळीत हंगाम तोंडावर आलाय. सर्व्हिसिंग, टायर, लाइट बघून झालं असेल. पण ट्रॅक्टरच्या हुकाची जमिनीपासूनची उंची किती, असं विचारलं तर दहातले नऊ जण डोकं खाजवतील. म्हणून आज जरा स्पष्टच लिहितो.

ट्रॅक्टर नवा आणि उंच. ट्रॉली वडिलांच्या वेळची, जुन्या बुटक्या ट्रॅक्टरला बेतून केलेली. मागचा टायर १३.६-२८ ऐवजी १६.९-२८ आला की नुसत्या त्यानंच हुक अडीच इंचांच्या आसपास वर जातो. मॉडेल बदललं तर आणखी. मग ट्रॉलीचं तोंड वर आणि बूड खाली. बैलगाडी हाकलेल्या मंडळींना हे समजावायला नको, गाडी उलाळ होते. फक्त इथं बैलांच्या मानेऐवजी ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात.

दोनचाकी ट्रॉलीचा हिशेब बघा. हुकापासून आसापर्यंत १० फूट, माल ५ टन, उसाच्या भाराचा मध्य आसाच्या ४ फूट वर. हुक ६ इंच जास्त उंच असेल तर हुकावरचं वजन साधारण १०० किलोनं कमी होतं. १० फुटाला १ फूट अशा चढावर आणखी २०० किलो जातात. म्हणजे पकड जिथं सगळ्यात जास्त हवी, तिथंच चाकं घसरायला लागतात. शिवाय ओढ जितकी उंचावरून, तितकं ट्रॅक्टरचं तोंड उचलायला बघतं.

यावर आपल्याकडचा इलाज काय? पुढं बोनेटवर दोन पोरं बसवायची! गेल्या हंगामात ओढ्याच्या चढावर आपल्याच एका सभासदाच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हातभर उचललेली मी डोळ्यानं बघितली. बोनेटवरचा पोरगा उडी मारून वाचला. नंतर सगळ्यांनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ड्रायव्हर मालकानं जोडून दिलेलीच ट्रॉली ओढतो. उंची जुळवणं हे मालकाचं काम आहे.

उलटा प्रकारही होतो. दांडी उंच आणि हुक खाली, म्हणून काही जण ट्रॉली थेट टॉप लिंकच्या जागी अडकवतात. हे कधीच करू नका. तिथून जोराची ओढ बसली तर ट्रॅक्टर मागं उलटतो आणि उडी मारायलासुद्धा वेळ मिळत नाही.

मापायला अर्धा तास पुरतो. सपाट काँक्रीटवर, टायरमध्ये हवा बरोबर भरून, ट्रॉली जोडा आणि हौद्याच्या कडेला गवंड्याची पाणसळ लावा. रिकाम्या ट्रॉलीवर भरवसा ठेवू नका, माल भरला की पाटे दबतात आणि बूड आणखी खाली बसतं. एकदा भरून बघाच. चारचाकी ट्रॉलीची दांडी बिजागरीवर हलते, तिथं भरल्या गाडीला दांडी साधारण आडवी राहिली म्हणजे झालं.

फरक निघाला तर आधी हुकाच्या पट्टीतली भोकं बघा, बऱ्याच ट्रॅक्टरना हुक वर-खाली करायची सोय असते. तेवढ्यानं भागलं नाही तर दांडी चांगल्या वर्कशॉपमधून नव्यानं करून घ्या. तुकडा जोडून वेल्डिंग मारलेली दांडी नको, भर रस्त्यात तुटली तर मागची ट्रॉली कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. खर्च होतो, मान्य आहे. पण ट्रॅक्टरला लाखो रुपये मोजताना आपण घासाघीस करून थकलो नाही, मग दांडीपाशीच हात का आखडतो?

आपल्या अवजार बँकेची ट्रॉली यंदा हुकाची उंची मोजल्याशिवाय देऊ नये, असं माझं मत आहे आणि ते मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. काही जणांना हा वेळकाढूपणा वाटेल. तोपर्यंत आपल्या ट्रॅक्टरचं मॉडेल, मागच्या टायरचं माप आणि जमिनीपासून हुकाची उंची इंचात, एवढं याच नंबरवर पाठवा. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज केला तरी चालेल.

– अवजार बँक विभाग