चित्रही सदक्यात देता येते

देवळाली कॅम्पात दान डोळ्यांना दिसते. लॅम रोडच्या आजूबाजूला पारशी, गुजराती, बोहरी समाजांनी बांधलेली सॅनिटोरियम आहेत. इथल्या कोरड्या हवेसाठी मुंबईचे लोक येत, आजही येतात. ज्यांना अल्लाहने दिले होते त्यांनी आपल्या समाजातल्या कमी ऐपतीच्या माणसांना चार दिवस राहता यावे म्हणून इमारती उभ्या केल्या. दारावर पाटी, पाटीवर देणाऱ्याचे नाव. त्यामुळे दान म्हटले की आपल्यासमोर जागा, इमारत, पैसा, धान्य, कपडे आणि रमजानची किट एवढेच येते.

गेल्या वर्षभरात मात्र तीन वेगवेगळ्या घरांतून आम्हाला जवळजवळ एकच प्रश्न आला. घरात चित्रे आहेत, खत्ताती आहे, अम्मीने केलेल्या भरतकामाच्या फ्रेमा आहेत. गरीब मुलांच्या वसतिगृहाला किंवा धर्मादाय दवाखान्याला देता येतील का? आणि दिल्या तर तो सदका होईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे बारकावे आलिमांना विचारावेत. आम्ही शिक्षक आहोत. जकातीचा हिशेब तर त्यांच्याकडूनच करून घ्यावा, भिंतीवरची फ्रेम दिली आणि जकात सुटली असे परस्पर ठरवू नये. पण साध्या बुद्धीला एवढे कळते की ज्या वस्तूने दुसऱ्याचे काही भले होते ती नेक इरादाने दिली तर तिला दान म्हणायला हरकत नसावी. अवघड आहे तो पहिला प्रश्न. चित्राने खरोखर कुणाचे भले होते का?

होते, आणि त्याचा पुरावा मुंबईतच आहे. १९७९ साली रिप्पन कपूर नावाच्या एअर इंडियाच्या तरुण कर्मचाऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी, सगळे मिळून सात जण, आईच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून पन्नास रुपयांवर एक संस्था सुरू केली. ती 'क्राय'. वंचित मुलांसाठी थेट शाळा काढण्याऐवजी, खेड्यापाड्यांत आणि वस्त्यांत आधीच काम करणाऱ्या छोट्या संस्थांना पैसा पुरवायचा, असे त्यांनी ठरवले. पैसा आणायचा कुठून? त्यांनी ग्रीटिंग कार्डे छापून विकली. 'आर्ट फॉर क्राय' या नावाने चित्रांची प्रदर्शने भरवली. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ती कार्डे आठवत असतील. ईदला आणि दिवाळीला आमच्याकडेही येत. रिप्पन कपूर १९९४ मध्ये, चाळिशीतच वारले. संस्था आजही चालू आहे.

कार्डांची ही वाट त्याआधी युनिसेफने दाखवली होती, आणि तिची सुरुवात एका शाळकरी मुलीपासून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावाला युनिसेफची मदत पोहोचली. तिथल्या यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून चित्र काढले: फेर धरून नाचणारी मुले. गावात कागद नव्हता, म्हणून तिने काचेवर काढले. तिच्या शिक्षकांनी ते पुढे पाठवले आणि १९४९ मध्ये ते युनिसेफचे पहिले कार्ड झाले. मदत घेणाऱ्या मुलीनेच मदत देणाऱ्यांना चित्र दिले, आणि त्यातून दुसऱ्या मुलांसाठी पैसा उभा राहिला. शिक्षक म्हणून आम्हाला यातला तो पाठवणारा माणूस फार महत्त्वाचा वाटतो. वर्गात चांगली चित्रे खूप निघतात. ती योग्य ठिकाणी पाठवणारे कमी.

आता आपल्या घरांकडे येऊ. ज्या तीन घरांचा वर उल्लेख केला त्यांपैकी एक कॅम्पातलेच. त्या घरातले मरहूम बुजुर्ग पाट्या रंगवण्याचे काम करत. कॅम्पात तोफखान्याची छावणी, त्यामुळे त्यांना कामाची कमी नव्हती: युनिटचे बोर्ड, बंगल्यांवरच्या नावाच्या पाट्या, दुकानांचे फलक, मिनारांवरची अक्षरे. सगळे त्यांना पेंटरचाचा म्हणत. देवनागरी, इंग्रजी आणि उर्दू या तिन्ही लिप्या एका हाताने लिहिणारी अशी माणसे आता फ्लेक्सच्या जमान्यात राहिली नाहीत. रात्री ते स्वतःसाठी काढत. पावसाळ्यातले डोंगर, दारणेचा काठ, देवळाली स्टेशन, आणि तुगरे. ते गेल्यावर सुनेला पलंगाखाली चाळीसच्या वर चित्रे सापडली. तिचे म्हणणे, घरात ठेवून कसर लागेल, त्यापेक्षा गरजूंच्या कामी येऊ देत.

आम्ही तिच्याबरोबर बसून सगळी चित्रे जमिनीवर मांडली. निम्म्यांवर बुरशी होती, काही फाटली होती. ती सरळ बाजूला काढली. हे सांगायला वाईट वाटते, पण सांगितले पाहिजे: आपल्याकडे दान करताना मोडके खेळणे, उसवलेला सदरा, पाने गळालेले पुस्तक देण्याची सवय आहे, आणि चित्रांच्या बाबतीत ती आणखी वाढते, कारण घेणाऱ्याला काय कळते असे आपण धरून चालतो. कळते. नाशिकमधल्या एका वसतिगृहात आम्ही जिन्याखाली रचलेल्या फ्रेमा पाहिल्या आहेत. काचा तडकलेल्या, एकीवर कुठल्या तरी कंपनीचे कॅलेंडर. कुणीतरी घर बदलताना आणून टाकल्या होत्या आणि पावती मागून घेतली होती. तिथल्या बाई म्हणाल्या, नाही म्हणता येत नाही, आणि भिंतीला लावताही येत नाहीत. आमची कसोटी साधी आहे. जे चित्र आपल्या दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर लावायला आपल्याला संकोच वाटेल, ते अनाथ मुलांच्या खोलीतही लावू नये.

उरलेली विकून पैसे द्यावेत का, असे तिने विचारले. हा मोह सगळ्यांना होतो, कारण वर्तमानपत्रांत मोठे आकडे वाचलेले असतात. सैयद हैदर रझांचे 'जेस्टेशन' हे चित्र २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेले. रझांनी स्वतःही आपल्या कमाईतून २००१ मध्ये रझा फाउंडेशन काढून तरुण चित्रकार, कवी, नर्तक यांच्यासाठी सोय केली. साठ वर्षे फ्रान्समध्ये काढलेला हा माणूस २०१६ मध्ये गेला तेव्हा मध्य प्रदेशातल्या मंडल्यात, वडिलांच्या शेजारी दफन झाला. पण रझा एक असतात. अनोळखी चित्रकाराच्या चित्राला बाजार नसतो. त्याच्या विक्रीसाठी संस्थेने हॉल घ्यायचा, पत्रिका छापायच्या, माणसे बोलवायची, तर आलेला पैसा त्यातच जातो. पेंटरचाचांची चित्रे भिंतीसाठी होती.

भिंतीचे महत्त्वही कमी समजू नये. १९८४ मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकी अभ्यासकाने रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासून एक निबंध लिहिला. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण; निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामके कमी लागली. चित्र म्हणजे झाड नव्हे, हे मान्य. पण धर्मादाय दवाखान्यात, जिथे पोपडे आलेल्या भिंतीकडे पाहत दिवस काढायचा असतो, तिथे एखादा हिरवा डोंगर समोर असणे ही चैन म्हणता येणार नाही.

म्हणून आम्ही आधी विचारायला गेलो, चित्रे न घेता. एका दवाखान्याने निसर्गचित्रे मागितली, पण दोन अटी घातल्या. काच नको, ॲक्रिलिकची शीट चालेल, कारण मुलांच्या वॉर्डात फ्रेम पडली तर इजा होईल. आणि फ्रेम करूनच द्या, आमच्याकडे त्याला पैसे नाहीत. दोन्ही रास्त. बिनफ्रेमचे चित्र देणे म्हणजे बिन-शिलाईचे कापड देऊन गणवेश दिला म्हणण्यासारखे आहे. सुनेने आणि दोन नणंदांनी मिळून सहा फ्रेमांचा खर्च उचलला. पाठीमागे जाड पुठ्ठा घातला आणि भिंतीला ओल लागू नये म्हणून मागच्या कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवले. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात एवढे तरी करावेच लागते.

मुलींच्या वसतिगृहाने मात्र चित्रे नकोच म्हणून सांगितले. त्यांना हवी होती ती अक्षरे. जेवणघराच्या भिंतीवर आठवड्याचा जेवणाचा तक्ता आणि अभ्यासिकेत पाढे, मराठीत आणि उर्दूत, मोठ्या सुबक अक्षरांत. पेंटरचाचांचा एक जुना शागिर्द अजून कॅम्पात आहे. फ्लेक्स आल्यापासून तो रंगाचे दुकान सांभाळतो. दोन रविवार जाऊन त्याने भिंती लिहून दिल्या. मजुरी सुनेने दिली, त्याने रंगाचे पैसे घेतले नाहीत. आम्हाला विचाराल तर सगळ्या व्यवहारात सर्वांत उपयोगी दान हेच ठरले, आणि ते आमच्या यादीत नव्हते.

तुगऱ्यांचा प्रश्न वेगळा. आयत लिहिलेली फ्रेम सर्व धर्मांच्या रुग्णांच्या वॉर्डात, पलंगाच्या पायथ्याशी, हातपाय धुण्याच्या जागेजवळ लागली तर तिचा अदब राहत नाही, आणि ज्याने ती लावून घेतली त्याच्यावर नाहक ओझे येते. असे तुगरे मदरशाला किंवा मशिदीच्या वाचनालयाला विचारून द्यावेत. सार्वजनिक जागी द्यायचे असेल तर आपल्याच परंपरेत फुले, वेली, भौमितिक नक्षी यांचा खजिना आहे. सजीवांच्या चित्रांबद्दल आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत, ती असू द्यावीत. ज्यांना संकोच वाटतो त्यांच्याकडे नक्षी आहे, म्हणून चित्रदान त्यांच्यासाठी बंद होत नाही.

आणखी एक सावधगिरी. आजोबा-पणजोबांच्या काळची हाताने लिहिलेली कुराण शरीफची प्रत, सोन्याच्या वेलबुट्टीचे पान, असे काही घरात असेल तर ते भावनेच्या भरात कुठल्या धर्मादाय लिलावात देऊ नका. १९७२ च्या कायद्यानुसार अशी महत्त्वाची हस्तलिखिते ७५ वर्षांची झाली आणि इतर कलावस्तू १०० वर्षांच्या झाल्या की त्या पुरावस्तू ठरू शकतात. त्या खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत आणि काहींची नोंदणी लागते. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी. आखातात राहणाऱ्या नातेवाइकांना बॅगेतून भेट पाठवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवलेले बरे.

कायद्याच्याच दोन गोष्टी सांगून टाकतो, कारण गैरसमज फार आहेत. पहिली, आयकरात '८० जी' म्हणून जी सवलत मिळते ती पैशाच्या दानाला. वस्तूच्या दानाला नाही. पैशातही दोन हजारांवरची रोख रक्कम धरत नाहीत, चेक किंवा ऑनलाइन लागते. चित्राची किंमत फुगवून पावती मागणाऱ्याला संस्थेने नम्रपणे नकार द्यावा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चित्र दिले म्हणजे त्यावरचा कॉपीराइट दिला असे होत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो हक्क लेखी दिला तरच जातो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांपुरताच आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच समजला जातो. भिंतीसाठी दिलेले चित्र संस्थेने परस्पर कार्डावर, कॅलेंडरवर छापणे योग्य नाही. उलट छापायची परवानगी आनंदाने द्यायची असेल तर तीही लिहूनच द्यावी, कारण चित्र एकदाच विकले जाते आणि कार्ड हजार वेळा. पेंटरचाचांच्या सुनेने साध्या कागदावर पाच ओळी लिहून दिल्या: चित्रे कोणती, किती, कुणाची, छापण्यास हरकत नाही, खाली चित्रकाराचे नाव यावे, जागा बदलल्यास किंवा नको झाल्यास घरच्यांना कळवावे. दोन्ही बाजूंच्या सह्या. दवाखान्याच्या व्यवस्थापकांना हे जरा जास्तच वाटले, पण सही केली.

नावाची ती अट तिने आग्रहाने घातली. आयुष्यभर त्या माणसाने दुसऱ्यांची नावे रंगवली, दानशूरांची, साहेबांची, दुकानदारांची. पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव टाकायची पद्धत होती, पण छावणीच्या कामात तीही मुभा नव्हती. दान गुपचूप द्यावे हे आपण मुलांना शिकवतो आणि ते बरोबरच आहे. इथे मात्र देणारी सून होती, तिचे नाव कुठेही नाही. नाव आहे ते काढणाऱ्याचे.

मुलांच्या चित्रांनाही हाच न्याय लावला पाहिजे. पुष्कळ संस्था आपल्या आश्रमातल्या, वस्तीतल्या मुलांकडून चित्रे काढून घेतात आणि निधीसाठी विकतात. उद्देश चांगला असतो. पण त्या मुलाला विचारले का, पालकांना सांगितले का, मूळ चित्र त्याला परत मिळाले का? तोंडाने आणि पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांनी, जर्मन चित्रकार एरिच श्टेगमान यांच्या पुढाकाराने, १९५० च्या दशकात स्वतःची संघटना काढली. आम्हाला भीक नको, आमच्या कामाचे मोल द्या, असा तिचा रोख होता. तिची भारतीय शाखा मुंबईत आहे आणि तिची कार्डे आजही टपालाने येतात. वरोऱ्याजवळ आनंदवनात अपंग आणि कुष्ठमुक्त माणसांच्या हातची कार्डे मिळतात. अशी कार्डे विकत घेणे हेही या विषयात बसते, आणि ज्या घरात चित्रकार कुणी नाही त्या घरालाही ते जमते.

आमच्या शाळेत या वर्षी सातवीच्या मुलांनी दवाखान्यासाठी नक्षीची चित्रे काढायला घेतली आहेत. पंचवीस झाली, त्यातली आठ जातील. निवड मुलेच करणार आहेत, आणि ज्यांची राहतील त्यांच्याशी काय बोलायचे हे आम्ही अजून ठरवतो आहोत. आपल्या गावात कुणी असे काही केले असेल, विशेषतः उर्दू शाळांनी, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहा. फ्रेमला किती खर्च आला तेही कळवा.